हिंगण्याची वाट

जायचंच असेल तर पावसाळ्यात जा. साल १९००, आषाढ लागलेला. फर्ग्युसन कॉलेज सुटण्याच्या सुमाराला बाहेर उभे राहा आणि गणिताचे प्राध्यापक कर्वे यांच्या मागोमाग चालायला लागा. वय बेचाळीस, अंगकाठी बारीक, बोलणं मोजकं. हिंगण्याच्या आश्रमातल्या मुली त्यांना अण्णा म्हणतात, तुम्हीही अण्णाच म्हणा. ‘महर्षी’ म्हणालात तर मागून कोण येतंय म्हणून तेच वळून बघतील.

एरंडवणं मागं पडलं की गावाची गजबजही संपते. कर्वे रोड अजून व्हायचा आहे, कर्वेनगरही. आहे ती काळी जमीन. तीत वहाणा रुतल्या की त्या हातात घ्यायच्या आणि पुढे चालायचं. हिंगणे बुद्रुक चारेक मैलांवर. तुम्ही अर्ध्या वाटेत दमता. अण्णांना दमून चालणार नाही. तिकडे पोचून शिकवायचं, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी याच चिखलातून कॉलेज गाठायचं, असा त्यांचा रोजचा क्रम आहे.

इतक्या आडरानात आश्रम कशाला, असं तुमच्या मनात येईल. पुण्यात प्लेग आहे. १८९७ पासून तो येतो, ओसरतो, पुन्हा येतो, आणि आला की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालतात. अनाथ बालिकाश्रम मंडळी १४ जून १८९६ला पुण्यात स्थापन झाली, पण विधवा मुलींना एकत्र ठेवायचं तर अशा शहरात कसं ठेवणार? रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली, वर साडेसातशे रुपये दिले, आणि बिऱ्हाड इकडे हललं.

ती समोर दिसते ती झोपडी. हाच आश्रम, हीच शाळा, हेच स्वयंपाकघर. वाकून आत या. डोळे सरावले की मूठभर मुली दिसतील. काहींची लग्नं खेळायच्या वयात झाली आणि नवरा नीट पाहण्याआधीच तो गेला. तुम्ही आत येताच एखादी भिंतीकडे सरकेल. घरून कोणी न्यायला तर आलं नाही ना, ही धास्ती. सरळ खाली बसा. अण्णा पाटी पुढे ओढतात, हिशेब घालतात. चुकलेल्या उत्तरावर ते रागावत नाहीत, तोच हिशेब पुन्हा घालतात. शिक्षक म्हणून ते फार रंगतदार असतील असं समजू नका. त्यांची ताकद चिकाटीत आहे.

पैशांचा हिशेब ऐकाल तर तुमचीच छाती दडपेल. सुरुवातीला अण्णांनी पदरचे एक हजार रुपये घातले. शिवाय पाच हजारांची आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. घरात बायको आणि मुलं असताना! आज एखाद्या गृहस्थाने असं केलं तर आपण त्याला थोर म्हणू की बेजबाबदार, हे मला तरी ठरवता येत नाही.

ती बायको इथे दिसणार नाही. आनंदीबाई, घरच्यांच्या ‘बाया’, पुण्यात बिऱ्हाड सांभाळतात. त्या स्वतः विधवा होत्या. मुंबईत पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच. ११ मार्च १८९३ला त्यांनी अण्णांशी पुनर्विवाह केला आणि अण्णांच्या मुरूड गावाने दोघांवर बहिष्कार घातला. म्हणजे या झोपडीतल्या मुलींचं दुःख त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तरी कारभारात त्या नाहीत. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरते असं कळलं तर कर्मठ घरं मुली पाठवणार नाहीत, वर्गणी देणार नाहीत. त्यांच्या लग्नाच्याच वर्षी शारदा सदनावर धर्मांतराचा गदारोळ उठला होता आणि पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. ते अण्णांनी पाहिलं आहे. म्हणून ज्याच्यासाठी स्वतः बहिष्कार सोसला, त्या पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमात करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. सुधारक मंडळी यावर नाराज आहेत. तुम्हीही वाद घालाल, पण घालू नका. अण्णा ऐकून घेतील आणि उद्याच्या वर्गणीची यादी काढतील.

आनंदीबाईंची धाकटी बहीण मात्र आश्रमाची होऊन राहिली. पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मुलगा, लिहिण्या-वाचण्याशी गाठ त्यानंतर पडली. त्यांच्याबरोबर एकदा वर्गणीला निघाच. केशवपन केलेलं डोकं, अंगावर आलवण, आणि परगावच्या सभेत उभं राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे. ऐकणाऱ्यांना काय करावं ते सुचत नाही. हिला सुधारलेली म्हणून झिडकारता येत नाही, कारण रूढीने सांगितलेलं सगळं हिच्या अंगावर आहे. माझ्या मते अनेक वाड्यांचे दरवाजे त्या आलवणानेच उघडले. १९१२च्या सुमारास त्यांनी केस वाढवले, तेव्हा बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला निघाल्या. तिथे घरकामं करत इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे घेऊन परतल्या.

आता थोडी वर्षं ओलांडा. ४ मार्च १९०७, लकडी पुलाजवळची एक जागा. अण्णांनी दुसरी शाळा उघडली आहे, महिला विद्यालय. विद्यार्थिनी सहा. ही विधवांसाठी नाही, कुमारिकांसाठी. हिशेब उघड आहे. मुलगी शिकत राहिली तर लग्न लांबेल, आणि बालविधवा होण्याचा प्रसंगच टळेल. आश्रम दुखण्यावरचा उपाय होता, हे विद्यालय दुखणं होऊ नये म्हणून. १९११ला तेही हिंगण्याला आलं. पाठोपाठ इमारती, वसतिगृहं, शिक्षिका आल्या. त्या बांधकामांची जंत्री मी देत बसत नाही.

१९१६ला थांबा मात्र. अण्णांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली होती आणि ५८व्या वर्षी त्यांनी तसंच विद्यापीठ काढायला घेतलं. शिकवायचं मातृभाषेतून, सरकारची मान्यता असो वा नसो. पहिल्या वर्गात मुली पाच! पाहुण्यांच्या रांगेत बसून तुम्हाला हसू येईल. त्या दिवशी पुण्यात हसणारे बरेच असणार. चार वर्षांनी, १९२०ला, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं.

परतलात की अण्णांचं ‘आत्मवृत्त’ वाचालच, सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही आधी आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ वाचा. पॉलिसी दिली त्या घरात पुढचा महिना कसा निघायचा, हे समजायचं तर ते पुस्तक टाळून चालणार नाही.