सुरतेचे यजमान

सुरत म्हटले की मराठी श्रोत्यांच्या मनापुढे प्रथम उभे राहते ते १६६४ साल. शिवाजी महाराजांची स्वारी, सुरतेचे धनाढ्य सावकार आणि बंदरातील अलोट संपत्ती हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु ही संपत्ती तेथे आली कशी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ती आली येणाऱ्याजाणाऱ्या माणसांच्या पायांनी. तापीकाठचे हे शहर व्यापाऱ्यांचे होते, तसेच मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंचेही होते. १६४४ साली, शहाजहानच्या अमदानीत, अशा पांथस्थांसाठी येथे एक प्रशस्त सराई बांधण्यात आली. ती वास्तू अजून उभी आहे. १८६७ सालापासून तीत नगरपालिकेची कचेरी आहे. जेथे परक्यांची सोय पाहिली जाई, तेथे आता गावाचा कारभार पाहिला जातो.

सराई बादशाही अधिकाऱ्याने बांधली. आज मला सांगावयाचे आहे ते मात्र सामान्य शेतकरी कुटुंबांविषयी. सुरतेच्या आसपासच्या खेड्यांतून ही कुटुंबे निघाली आणि अमेरिकेसारख्या दूरदेशी जाऊन तिसऱ्या पिढीपर्यंत यजमानपणाचा व्यवसाय करीत राहिली. त्यांतील पुष्कळांचे आडनाव पटेल आहे.

या हकीकतीचा आरंभ १९४२ सालचा मानतात. कानजी मंछू देसाई नावाचे सुरत जिल्ह्यातील एक गृहस्थ त्या वेळी कॅलिफोर्नियात होते. सॅक्रॅमेंटो शहरातील बत्तीस खोल्यांचे एक हॉटेल त्यांनी दोन गुजराती शेतमजुरांच्या साथीने चालवावयास घेतले. हॉटेलची मालकी जपानी वंशाच्या माणसाकडे होती. महायुद्धामुळे अमेरिकन सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, त्यांतच या मालकालाही जावे लागले. ज्याने परक्यांस आसरा दिला, तोच स्वतःच्या घरास मुकला आणि त्याच्या दारी दुसरा परका यजमान झाला. या अन्यायाबद्दल अमेरिकेने १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास वीस हजार डॉलर दिले. पटेलांच्या यशाची कथा सांगताना हे पहिले पान गाळता कामा नये.

१९४७ साली देसाई सॅन फ्रान्सिस्कोस गेले आणि त्यांनी गोल्डफील्ड नावाचे हॉटेल भाडेपट्ट्याने घेतले. गावाकडून नवा माणूस आला की त्याने हाच धंदा धरावा, अशी त्यांची शिकवण असे. तीमागे साधा हिशेब होता. हॉटेल घेतले की राहण्याची जागा आपोआप मिळते, नोकरीसाठी कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही आणि इंग्रजी मोडकेतोडके असले तरी निभावते. भांडवल आप्तांकडून, बहुधा कागदावाचून, केवळ शब्दावर उभे राही. ज्याचे कर्ज फिटे, त्याने पुढच्यास हात द्यावा, असा रिवाज होता.

तरीही ही वाट प्रारंभी अरुंदच होती. १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या शंभर हिंदी माणसांना अमेरिकेत स्थायिक होण्याची मुभा मिळाली. १९६५ च्या कायद्याने दार खरे उघडले. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले काही गुजरातीही तेथे पोहोचले. त्याच सुमारास महामार्गांचे नवे जाळे जुन्या रस्त्यांना वळसा घालून जाऊ लागले आणि १९७३ साली पेट्रोलची टंचाई झाली. मोटारीने फिरणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला बांधलेली बैठी विश्रामगृहे, ज्यांस तिकडे मोटेल म्हणतात, मालकांना जड झाली. पटेलांनी ती स्वस्तात घेतली.

ती चालली कशी? नवरा नळ दुरुस्त करी व भिंती रंगवी. बायको चादरी धुई, खोल्या झाडी, स्वयंपाक करी आणि घंटा वाजली की हात पुसून नोंदवहीपाशी येई. मुले शाळेतून येऊन टॉवेलांच्या घड्या घालीत. बाहेरून पगारी माणूस क्वचितच ठेवीत. हा नफा पुष्कळ अंशी स्त्रियांच्या आणि मुलांच्या बिनपगारी श्रमांचा होता, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदली पाहिजे.

अपमानही वाट्याला आले. हे मोटेल अमेरिकन मालकीचे आहे, अशा पाट्या शेजारचे मालक लावीत. विमा कंपन्यांनी हिंदी मालकांविषयी संशय धरून विमा नाकारला. तेव्हा १९८५ साली टेनेसीत त्यांनी एक संघ स्थापला आणि १९८९ साली अटलांटात आशियाई अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. आपल्या वीस हजार सभासदांकडे अमेरिकेतील सुमारे साठ टक्के हॉटेले आहेत, असे ती संघटना आज सांगते.

दुसऱ्या पिढीने हॉटेलविद्येचे रीतसर शिक्षण घेतले आणि मोठ्या नाममुद्रा आपल्या दारावर लावल्या. तिसऱ्या पिढीतील कोणी ही हॉटेले वाढवीत आहेत, तर कोणी डॉक्टर वा वकील झाले आहेत. आपल्याकडेही कित्येक जुन्या खाणावळी गिऱ्हाईक असूनही मिटल्या, कारण गल्ल्यावर बसावयास घरचे मूल राहिले नाही. मग मुलाने किल्ल्या नाकारल्या तर आईबापांचे कष्ट वाया गेले असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. ज्या बाईने रात्री दोन वाजता उठून अनोळखी माणसाला खोली उघडून दिली, तिचा हेतू आपल्या नातवानेही दोन वाजता उठावे असा नव्हता. उठावे की न उठावे, हे त्याला ठरविता यावे, एवढ्यासाठी तिने झोप मोडली. तो स्वखुशीने गल्ल्यावर बसला तर उत्तमच. न बसला, तरी आपल्या दाराशी आलेल्या परक्याशी तो कसा वागतो, यावरून त्याचे घराणे ओळखू येईल.