संगणकीय मनोविकृतिविज्ञान

मानसिक विकारांमागील प्रक्रिया गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने स्पष्ट करणारी अभ्यासशाखा. मन ही माहितीवर संस्करण करणारी यंत्रणा असून विकार म्हणजे त्या संस्करणातील विशिष्ट बिघाड होय, असे तिचे गृहीतक आहे.

इतिहास : वॉरन मॅकलॉक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये तंत्रिका कोशिकेचे तार्किक प्रतिमान मांडले. जोझेफ वायझेनबाउम यांची ‘एलायझा’ (१९६६) ही आज्ञावली मानसोपचारकाच्या संभाषणाचे केवळ अनुकरण करी. याउलट केनेथ कोल्बी (१९२०–२००१) यांच्या ‘पॅरी’ने (१९७२) संविभ्रमाच्या रुग्णाचेच प्रतिमान उभे केले. तीत भय, क्रोध व अविश्वास यांना संख्यामूल्ये दिलेली असून प्रश्नाच्या रोखानुसार ती बदलत. मुलाखतींच्या मुद्रित प्रती वाचून मनोविकारतज्ञांना ‘पॅरी’ व खरा रुग्ण यांतील फरक खात्रीने सांगता आला नाही. तथापि उत्तरे हुबेहूब जमली, म्हणजे विकाराचे कारण उलगडले, असे नव्हे.

कारणांचा शोध पुढे तंत्रिकाजालांच्या द्वारे सुरू झाला. कोशिकांमधील जोडण्या प्रमाणाबाहेर छाटल्यास बाह्य उद्दीपकाशी संबंध नसलेले आकृतिबंध जालात उमटतात, असे राल्फ हॉफमन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले. छिन्नमानसातील भ्रमांशी त्यांचे साम्य आहे. अपेक्षित व प्रत्यक्ष लाभ यांतील तफावत डोपामाइन-कोशिका दर्शवितात, हे प्रतिमान शुल्ट्स, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडले. या द्रव्याच्या अवेळी स्रवण्यामुळे क्षुल्लक गोष्टींनाही अवास्तव महत्त्व प्राप्त होते, अशी उपपत्ती शितिज कपूर यांनी २००३ मध्ये दिली.

मर्यादा : प्रतिमान ज्या माणसांच्या नोंदींवर बेतलेले असते, त्यांच्यापुरतेच ते विश्वसनीय ठरते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मराठी, गोंडी व बंगाली बोलणारे लोक राहतात. येथील रुग्णास शासकीय मनोरुग्णालयासाठी दूरच्या नागपूरला (स्थापना १८६४) जावे लागते. त्यामुळे उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांची नोंदच होत नाही. शिवाय अंगात येणे हा प्रकार गावाच्या दृष्टीने श्रद्धेचा भाग असतो. परक्या भाषेतील नोंदींवर घडविलेले प्रतिमान त्यास भ्रम ठरविण्याचा संभव असतो. म्हणून अशा भागांत गणितापूर्वी रुग्णाच्या भाषेतील त्याचे म्हणणे नोंदविणे अगत्याचे ठरते.