शेवटची प्यादी



गावात बुद्धिबळाचा डाव रंगला म्हणजे बघ्यांची गर्दी होते ती सुरुवातीला. घोडे उधळतात, उंट तिरपे धावतात, वजीर पडला की गलका होतो. पुढे पट ओसाड होतो, दोन राजे आणि चारदोन प्यादी राहतात. मग बघे म्हणतात, 'आता काय उरलंय यात?' आणि उठून जातात. खरं पाहता डावाचा निकाल पुष्कळदा तिथूनच पुढे लागतो. माजलगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेरणी सगळ्यांचीच दिसायला चांगली असते. शेवटच्या वेचणीपर्यंत ज्यानं कापूस राखला, त्याचं साल साधतं.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. ते शेवटच्या ओळीत पोचलं, तर पुष्कळ ठिकाणी ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होई. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आंतरराष्ट्रीय नियमांत तसं बंधन नाही. कोणत्याही पट्टीतलं प्यादं पार गेलं की त्याचा वजीर करता येतो. त्यामुळे उरलेल्या एकेका प्याद्याचं मोल वाढलं.

हे नियम महाराष्ट्रानं लवकर आत्मसात केले. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचं अजिंक्यपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी वाटून घेतलं. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या ठरल्या. १९९७ साली मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. याच वाटेवर पुढे नागपूरची दिव्या देशमुख आली.

तिच्या डावाकडे वळण्यापूर्वी शेवटच्या टप्प्याचं मर्म थोडं समजून घेऊ. गुरुजींनी फळ्यावर चौसष्ट घरं आखावीत. मधल्या एका पट्टीत, चौथ्या ओळीवर पांढरं प्यादं ठेवावं. त्याच्या लगेच पुढं, पाचव्या ओळीवर पांढरा राजा. मग एक घर मोकळं सोडून सातव्या ओळीवर काळा राजा, अगदी समोरासमोर. आता मुलांना विचारावं, 'कोण जिंकेल?' उत्तर असं, की खेळी करण्याची पाळी कोणाची ते आधी सांगा! पाळी काळ्याची असेल तर त्याला वाट सोडावीच लागते. पांढरा राजा बगलेनं पुढं घुसतो आणि प्याद्याला वजीर होईपर्यंत पोचवतो. मांडणी तीच, पण पाळी पांढऱ्याची असली, तर काळा राजा दर वेळी आडवा येतो आणि डाव बरोबरीत सुटतो. एका खेळीत जय आणि बरोबरी यांची अदलाबदल होते. सुरुवातीला कोपऱ्यात दडून बसणारा राजा इथं स्वतः लढतो.

आता तो डाव. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत दिव्यानं चीनच्या माजी जगज्जेत्या तान झोंगयी यांना १०१ खेळ्यांच्या डावात हरवलं. अंतिम फेरीत समोर होत्या आंध्रच्या कोनेरू हंपी. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. ती २००५ सालची. शिवाय जलद बुद्धिबळाचं जागतिक अजिंक्यपद हंपींनी डिसेंबर २०२४ मध्येच जिंकलं होतं.

२६ आणि २७ जुलैचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ तारखेला जलद डाव झाले. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर खेळीमागे दहा सेकंद. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हंपींकडे पांढरी मोहरी होती, दिव्याकडे काळी. घड्याळातला वेळ संपत आला तशी हंपींनी धोका पत्करून प्याद्याची चाल केली आणि दिव्याचं पारडं जड झालं. वजीर गेले, हत्ती आणि प्यादी राहिली. पण पारडं एका बाजूला टिकलं नाही. दिव्याच्या हातचा डाव बरोबरीकडे निसटत होता, हंपींनाही तो वाचवता आला असता. अखेर शेवटची चूक हंपींच्या हातून झाली.

एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी आणि २५०० गुणांकन लागतं. दिव्याजवळ अशी एकही कामगिरी नोंदलेली नव्हती. विश्वचषक जिंकल्यामुळे मात्र हा किताब तिला थेट मिळाला. एकोणिसाव्या वर्षी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांत चौथी.

आणि जिंकल्यावर ती काय म्हणाली? आपल्याला डावाचा शेवट अजून शिकायला हवा, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं. क्यूबाचे जगज्जेते कॅपाब्लांका यांचा उपदेशही हाच होता, की सर्वांआधी शेवटचा टप्पा अभ्यासा. आपण मात्र मुलांना आधी झटपट मात देण्याच्या युक्त्या शिकवतो. त्या फसल्या की मूल गांगरतं आणि पट उधळून मोकळं होतं.

गुरुजनांना म्हणूनच एक सुचवावंसं वाटतं. सगळी मोहरी नसली तरी चालेल. दोन राजे, एक प्यादं, आणि तेही नसेल तर खडे घ्या. पाळी कोणाची, वाट कोण अडवतो, हे मुलांना स्वतः शोधू द्या. वजीर गेल्यावरही डाव शिल्लक असतो, हे ज्या मुलाला एकदा पटलं, ते मूल गणित अडलं म्हणून पाटी खाली ठेवायचं नाही.