गाव किती उंचीवरून पाहावे?

बदलापूरजवळील सोनिवली हे नकाशावर एक टिंब, खानेसुमारीच्या कोष्टकात एक आकडा, आणि तेथील रहिवाशांस शेजाऱ्यांच्या देण्याघेण्याचे जाळे आहे. तिन्ही वर्णने खरी आहेत. भेद एवढाच की प्रत्येकाने निराळे काही गाळले आहे. अनेक स्वतंत्र कर्त्यांच्या व्यवहाराचे प्रतिमान संगणकावर रचणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण असते : समूहास एक कर्ता मानावे, त्यातील पदे धरावी, की एकेका व्यक्तीपर्यंत उतरावे? महाराष्ट्रात हा प्रश्न संगणकाच्या फार पूर्वी राज्यकारभारात उद्भवला होता.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने लिहिलेल्या अहवालात गाव हे बहुतांशी स्वयंपूर्ण असे लहानसे राज्यच दिसते. पुढे १८३५ पासून इंदापुराकडे गोल्डस्मिड व विंगेट यांनी चालविलेल्या मोजणीने तीच जमीन सर्व्हे नंबरांत व खातेदारांत वाटली. दप्तरात गाव मागे पडले व खातेदार पुढे आला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गाव-गाडा’ ग्रंथात मधली पायरी धरली. तेथे पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार, महार अशा पदांच्या परस्परसंबंधांतून गावाचा गाडा उलगडतो.

यांत खरी पायरी कोणती? आमच्या मते ते प्रश्नावर अवलंबून आहे. गावाचा एकूण वसूल पाहणारास पहिली पुरते. सावकाराने फिर्याद कोणावर केली हे जाणू इच्छिणारास खातेदारापर्यंत उतरणे प्राप्त होते.

परंतु सोयीने निवडलेली पायरी निरुपद्रवी असतेच असे नाही. बलुत्याच्या चित्रात महाराची चाकरी गाड्याच्या चाकासारखी नीट बसते. ती त्यास मान्य आहे काय, हे विचारण्यास त्या चित्रात जागाच नसते. १८७४ च्या वतन कायद्याने अशा वंशपरंपरागत चाकरीस कायद्याची चौकट दिली. त्यात दुरुस्ती करण्याचे बिल डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले, तेव्हा पदाआड झाकलेला माणूस सरकारी वर्णनात आणण्याचाच तो यत्न होता. ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट व्हावयास १९५९ साल उजाडावे लागले.

म्हणून समाजाचे प्रतिमान कागदावर असो वा संगणकावर, ते रचणाराने आपण कोणास गाळले हे आरंभीच लिहून ठेवावे. वर्णनात ज्यास स्थान नाही, त्याची तक्रार त्या वर्णनावर विसंबणाऱ्या कारभाऱ्याच्या कानी क्वचितच पडते.