चार रविवार आणि एक बंद दार

नाताळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें चांदण्यांची आरास, केक आणि घंटानाद उभा राहतो. पंचवीस डिसेंबर हा दिवस आतां केवळ ख्रिस्ती घरांचा राहिलेला नाहीं. शहरांतील दुकानांनींहि तो आपलासा केला आहे. परंतु त्या दिवसापूर्वीं जे चार रविवार येतात त्यांची ओळख आपल्यापैकीं फारच थोड्यांना असते. आपल्याकडील ख्रिस्ती मंडळी ह्या काळास 'आगमनकाल' असें म्हणतात. नाताळ हा उत्सव भेटीचा. आगमनकाल हा वाट पाहण्याचा. ह्या वाट पाहण्याचा थोडासा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

ह्या काळाचें लॅटिन नांव 'आद्वेन्तुस' असें आहे. रोमन साम्राज्यांत सम्राट एखाद्या नगरांत समारंभानें प्रवेश करी, तेव्हां त्या सोहळ्यास हाच शब्द लावीत. प्रतिष्ठित नागरिक वेशीबाहेर सामोरे जात आणि जयघोष होई. ख्रिस्ती लोकांनीं हा राजदरबारचा शब्द उचलला आणि गोठ्यांत जन्मलेल्या एका बालकाच्या येण्यास तो लावला. शब्दाच्या ह्या स्थलांतरांतच त्यांच्या श्रद्धेचें मर्म सांठविलेलें आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही प्रथा एकाएकीं जन्मास आलेली नाहीं. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आजच्या फ्रान्समधील माकों येथें भरलेल्या धर्मसभेनें अकरा नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन दिवस उपास पाळावा, असें ठरविलें. पुढें रोममध्यें हा काळ चार रविवारांचा झाला आणि पश्चिमेकडील बहुतेक चर्चांनीं तोच पाठ स्वीकारला. मिलान येथें मात्र सहा रविवारांची जुनी परंपरा अजूनहि चालू आहे. पहिला रविवार लौकरांत लौकर २७ नोव्हेंबरला आणि उशिरांत उशिरा ३ डिसेंबरला येतो.

ह्या दिवसांत चर्चमध्यें यशया संदेष्ट्याचे उतारे वाचतात, त्यासहि कारण आहे. इसवी सनापूर्वीं ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्यानें यरुशलेम नगर घेतलें, तेथील मंदिर जाळलें आणि प्रमुख लोकांना कैद करून नेलें. राज्य गेलें, देऊळ गेलें, देशहि गेला. अशा लोकांना धीर देणारे अनेक उद्गार ह्या ग्रंथांत आलेले आहेत. तेव्हां आगमनकालाची आशा ही भरल्या घरांत जन्मलेली नसून तिचें मूळ हद्दपारींत आहे, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

आपल्या भाषेंतहि ह्या प्रतीक्षेला फार जुनें स्थान मिळालें आहे. थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि येथील भाषा शिकून त्यांनीं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या करारांतील कथा आहे. ख्रिस्तचरित्र येतें तें दुसऱ्या पुराणांत. म्हणजे जन्माची वार्ता ऐकावयाची तर आधीं प्रतीक्षेचा दीर्घ पल्ला चालून गेलें पाहिजे, अशीच त्या ग्रंथाची मांडणी आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या विरहिण्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना ही गोष्ट अपरिचित वाटूं नये. ज्याची वाट पाहावयाची त्याची ओढ वाट पाहण्यानेंच वाढते, हें मराठी मनास कोणी शिकवावयास नको.

आतां आपण जर्मनींतील हांबुर्ग शहराकडे वळूं. तेथें योहान हिन्रिख विखेर्न नांवाच्या तरुण धर्मशास्त्रज्ञानें १८३३ सालीं शहराबाहेर हॉर्न या गांवीं 'राउहेस हाउस' नांवाचा मुलांचा आश्रम काढला. बंदराच्या त्या शहरांत गरीब वस्तीची दैना मोठी होती. अनाथ, उनाड आणि टाकून दिलेल्या मुलांना विखेर्नने तुरुंगासारख्या इमारतींत कोंडलें नाहीं. लहान लहान कुटुंबें करून त्यांना तेथें वाढविलें आणि कामधंदा शिकविला. डिसेंबर उजाडला कीं हीं मुलें रोज विचारीत, नाताळ आतां किती दिवसांवर आला? ज्यानें कधीं वर्गांत मुलें सांभाळलीं आहेत त्याला ह्या प्रश्नाची चिकाटी ठाऊक असते! १८३९ सालीं विखेर्नने ह्या प्रश्नाचें उत्तर गाडीच्या एका जुन्या चाकावर मांडलें. चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या त्यानें चाकावर बसविल्या. रोज एक मेणबत्ती अधिक लागे. त्या वर्षीं आगमनकालाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता. म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत चोवीस ज्योति झाल्या.

बाहेर उत्तरेकडील हिवाळा. दिवस रोज आखूड होत जाणारा. आणि आंत मात्र रोज एका ज्योतीची भर! काळोख वाढतो आहे हें नाकारलेलें नाहीं, पण मोजणी काळोखाची न करतां उजेडाची केली आहे. पुढें त्या चाकावर हिरव्या डहाळ्या चढल्या, मोठ्या चार मेणबत्त्याच राहिल्या आणि हें 'आगमनचक्र' प्रथम प्रॉटेस्टंट घरांत व नंतर कॅथोलिक चर्चमध्येंहि रूढ झालें. आज तें जगभर दिसतें.

येथें कथा संपली असती तर ती गोड खरी, परंतु अपुरी झाली असती. कारण ह्याच जर्मनींत, ह्याच चक्राभोंवतीं, शंभर वर्षांनीं एक कठोर परीक्षा झाली. १९३८ सालच्या ९ नोव्हेंबरच्या रात्रीं देशभर ज्यूंचीं सभास्थानें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं आणि हजारों ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेण्यांत आलें. त्यानंतर अठराव्या दिवशीं, २७ नोव्हेंबरला, आगमनकालाचा पहिला रविवार होता. घरोघर पहिली मेणबत्ती लागली. ज्या यशयाचे उतारे वाचले गेले तो ज्यूंचाच संदेष्टा. परंतु शेजारच्या ज्यू कुटुंबाविषयीं अवाक्षर काढण्याचें धैर्य फारच थोड्यांस झालें. श्रोतेहो, रूढि आणि श्रद्धा ह्या दोन वस्तु वेगळ्या आहेत. मेणबत्ती लावणें सोपें असतें. तिच्या उजेडांत जें दिसतें तें पाहणें अवघड असतें.

ज्यांनीं तें पाहिलें त्यांपैकीं एक दीत्रिख बोन्हॉफर. १९०६ सालीं जन्मलेले हे ल्यूथरपंथी पाळक व विद्वान् धर्मशास्त्रज्ञ. हिंदुस्थानांत येऊन गांधीजींच्या सहवासांत राहावें अशी त्यांची उत्कट इच्छा होती आणि १९३४ सालीं गांधीजींनीं त्यांना तसें निमंत्रणहि पाठविलें होतें. परंतु पुढील वर्षीं एका धर्मविद्यालयाची जबाबदारी अंगावर आली व तो बेत राहून गेला. १९३७ सालीं गेस्टापोनें तें विद्यालय बंद केलें. सभास्थानें जळलीं त्या रात्रीची तारीख बोन्हॉफरनीं आपल्या बायबलांत चौऱ्याहत्तराव्या स्तोत्राच्या समासांत लिहून ठेवली. १९३९ च्या जूनमध्यें ते अमेरिकेंत पोंचले. तेथें राहिले असते तर प्राण वांचले असते; परंतु आपल्या लोकांच्या दुःखाच्या काळीं दूर राहिलों तर नंतरच्या उभारणींत भाग घेण्याचा आपल्याला अधिकार उरणार नाहीं, असें मनानें घेऊन ते जुलैमध्यें परतले. हिटलरविरोधी गटांत ते सामील झाले आणि ५ एप्रिल १९४३ रोजीं त्यांना अटक होऊन बर्लिनच्या तेगेल तुरुंगांत ठेवण्यांत आलें.

त्या वर्षीं नोव्हेंबरमध्यें बर्लिनवर भयंकर बाँबवर्षाव चालू होता. आगमनकालाच्या पहिल्या रविवारीं बोन्हॉफरनीं आईवडिलांस पत्र लिहिलें आणि त्यांत आल्टडॉर्फर ह्या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्राची आठवण काढली. त्या चित्रांत बाळ येशूचा जन्म पडक्या घराच्या भग्न भिंतींत झालेला दाखविला आहे. भोंवतालीं शहर ढांसळत असतां हें चित्र त्यांना समयोचित वाटलें. त्याच सुमारास एका मित्राला लिहितांना कोठडी आणि आगमनकाल ह्यांतील साम्य त्यांनीं दाखविलें. दोन्हींकडे माणूस लहानसहान उद्योगांत वेळ काढतो; पण दाराची कडी त्याच्या हातीं नसते. ती बाहेरूनच निघावी लागते. ख्रिस्ती श्रद्धेचें सार ह्याहून थोडक्यांत सांगणें कठीण आहे.

दुसरे गृहस्थ आल्फ्रेड डेल्प हे जेझुइट धर्मगुरु. युद्ध संपल्यावर जर्मनीची समाजरचना न्यायाच्या पायावर कशी उभारावी, ह्याचा विचार करणाऱ्या क्रायझाउ येथील मंडळांत ते सामील झाले होते. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरवर प्राणघातक हल्ला झाला व फसला. आठ दिवसांनीं म्युनिक येथें डेल्पना पकडण्यांत आलें. शरदांत त्यांना त्याच तेगेल तुरुंगांत आणलें. हातांत बेड्या होत्या. तशा हातांनींच त्यांनीं आगमनकालावर चिंतनें लिहिलीं. कैद्यांचे कपडे धुण्यासाठीं नेणाऱ्या धाडसी स्त्रियांनीं तीं कागदांचीं चिटोरीं कपड्यांतून लपवून बाहेर काढलीं. त्या लिखाणाचा आशय असा कीं, आगमनकाल हा गोंजारणारा काळ नव्हे, तो माणसाला हादरवून जागा करणारा काळ आहे; आणि जो जागा झाला त्यालाच उजेडाची चाहूल लागते. ८ डिसेंबर १९४४ रोजीं, आगमनकालांतच, त्यांनीं आपल्या संघाचीं अखेरचीं व्रतें तुरुंगांत घेतलीं. बाहेर पडण्याची शाश्वती नसतांना जन्मभराचें व्रत घेणाऱ्या माणसाची आशा कोणत्या जातीची असेल?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. ११ जानेवारी १९४५ रोजीं डेल्पना फांशीची शिक्षा झाली. त्या महिन्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं एका स्नेह्याच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलास पत्र लिहिलें! २ फेब्रुवारीस त्यांना फांशी देण्यांत आलें. शिक्षा सांगणारा न्यायाधीश फ्राइसलर दुसऱ्याच दिवशीं बाँबहल्ल्यांत ठार झाला. बोन्हॉफरनीं एकदां पळून जाण्याची योजना आंखली होती. परंतु भाऊहि पकडला गेल्यावर घरच्यांवर अधिक संकट येऊं नये म्हणून ती त्यांनीं सोडली. ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग छावणींत त्यांना फांशी दिली गेली. पुढें महिन्याभरांत जर्मनी शरण गेली.

येथें एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दार उघडलें तें फांशीसाठींच. मग ह्या दोघांची आशा फसली असें म्हणावयाचें काय?

आपण व्यवहारांत ज्याला आशा म्हणतों ती बहुधा अपेक्षा असते. पाऊस पडेल, नोकरी मिळेल, दुखणें बरें होईल, असा तो अंदाज असतो. अंदाज चुकला कीं अपेक्षा मरते. 'आशा अमर आहे' असें आपण सहज बोलून जातों, परंतु अपेक्षा तर रोज मरतांना पाहतों. डेल्प आणि बोन्हॉफर ह्यांनाहि सुटकेची अपेक्षा होती. ते माणसेंच होते. तथापि त्यांची आशा त्या अपेक्षेवर टांगलेली नव्हती. आगमनकालांत ख्रिस्ती माणूस दोन आगमनांचें स्मरण करतो. एक बेथलेहेमांत होऊन गेलेलें आणि दुसरें अखेर व्हावयाचें. म्हणजे ज्याची वाट पाहावयाची तो अनोळखी नाहीं. तो एकदां येऊन गेलेला आहे, आणि तोहि गोठ्यांत, गरिबांत, सत्ताधीशांच्या भीतिच्या छायेंत. म्हणून कोठडींत तो आपल्यापाशीं आहे, असें त्यांना म्हणतां आलें. निकाल कांहींहि लागला तरी ह्या सोबतीस धक्का पोंचत नव्हता.

कोणी म्हणेल, अशा आशेनें माणसें निष्क्रिय होतात. इतिहास ह्याची साक्ष देत नाहीं. विखेर्नने वाट पाहतां पाहतां आश्रम उभारला. बोन्हॉफर सुरक्षित किनारा सोडून परत आले. आपण जिच्यांत नसणार त्या उद्यांच्या जर्मनीचा विचार डेल्प बेड्यांतहि करीत राहिले. दार आपल्याला उघडतां येत नाहीं हें ज्याला उमगलें, तो कोठडींतलें आपलें काम टाकून देत नाहीं. उलट निर्भयपणें करतो, कारण सर्व जगाचा भार आपल्याच खांद्यावर आहे ह्या भ्रमांतून तो मोकळा झालेला असतो.

श्रोतेहो, यंदा डिसेंबरच्या संध्याकाळीं एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरीं हिरव्या चक्रावर एक, दोन किंवा तीन मेणबत्त्या लागलेल्या आपणांस दिसल्या आणि एखादी अजून लागावयाची राहिली असली, तर त्या न लागलेल्या मेणबत्तीकडेहि क्षणभर पाहावें. लागलेल्या मेणबत्त्या झालेल्या दिवसांचा हिशेब सांगतात. न लागलेली मेणबत्ती सांगते कीं, अजून कोणी यावयाचें आहे, आणि त्याच्यासाठीं घर झाडून, दिवा पुसून, जागें राहिलें पाहिजे.