२१ जानेवारी १९३९ : राजानेच दिले स्वराज्य

सोमाटणे फाट्यावर ‘औंध’ म्हटले की पुण्याचे औंध डोळ्यांसमोर येते. ही गोष्ट मात्र साताऱ्याकडच्या औंधची, जेमतेम ७२ गावांच्या संस्थानाची. युरोपातल्या चिमुकल्या लिश्टेनस्टाइनच्या अधिपतींनी १९२१ मध्ये राज्यघटना दिली, पण बरेच अधिकार हाती ठेवले. सूर्यनमस्कारांचे वेड असलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मात्र २१ जानेवारी १९३९ रोजी अख्खा कारभारच प्रजेवर सोपवला. घटनेला गांधीजींचे मार्गदर्शन, जोडीला पोलंडचे मॉरिस फ्रीडमन. गावोगावी पाच जणांची निवडलेली पंचायत. पुढे पंतप्रधान झाले ते मात्र राजपुत्र आप्पासाहेबच. घराणे काही सुटले नाही! १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. यमाईच्या डोंगरावरचे राजांचे चित्रसंग्रहालय मात्र अजून आहे. एकदा पाहून या.