शब्दवेध : ग्रे

किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या कागदांवर ‘५० ग्रे’ असे काहीतरी लिहिलेले असते. या ग्रेचा करड्या रंगाशी संबंध नाही. ते लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे आडनाव. किरणांचा सजीव पेशींवर काय परिणाम होतो, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९६५ साली ते गेले. १९७५ मध्ये एककाला त्यांचे नाव मिळाले. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की झाला एक ग्रे.

त्याआधी, १९५३ पासून, ‘रॅड’ चाले : ग्रॅममागे शंभर अर्ग. हे कुणाचे नाव नव्हे, ‘शोषलेली किरणमात्रा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. शंभर रॅडचा एक ग्रे, म्हणून जुन्या फाइलीतले ५००० रॅड म्हणजे आजचे ५० ग्रे. डॉक्टरांनी मधला सांधा शोधला तो सेंटिग्रेचा. एक सेंटिग्रे म्हणजे बरोबर एक रॅड, त्यामुळे सवयीचे आकडे तसेच राहिले. ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. इथे दोन शून्यांची चूक जिवावर बेतू शकते. जुने अहवाल उतरवून घेताना आकड्यापुढचे एकक कधीही गाळू नका.